चालत्या घराच्या कड्या-बिजागऱ्या

डेन्व्हर, कोलोराडो

तीर्थरूप नाना यांचे सेवेशी,



आपले पत्र पावले. त्यात आपण विचारले आहे की, बरी नोकरी, गहाणखतावरचे का होईना पण पक्क्या भिंतींचे घर आणि शाबूत डोके ही तिन्ही हाती असताना, मालवाहू गाडीच्या पाठीवर खोली बसवून तीत सहकुटुंब निजण्याची बुद्धी मला कोणत्या ग्रहदशेने झाली. आणि त्याच्याच खाली, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या ओव्हरसियरला शोभेल असा दुसरा प्रश्न आहे की, त्या खोलीच्या कपाटांना बिजागऱ्या कसल्या आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्योतिषाकडे मागावे हे बरे. दुसऱ्याचे मात्र मी यथाशक्ति सविस्तर देणार आहे, कारण या सबंध प्रकरणात विचारण्याजोगा प्रश्न तेवढाच आहे, आणि तो विचारणारे गिऱ्हाईक येथील विक्रेत्यांच्या दारी फारसे येत नसावे, असे त्यांच्या मुद्रेवरून मला वाटले.

प्रथम वस्तूचे वर्णन. येथे ज्याला पिकअप म्हणतात त्या ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात एक पेटीवजा खोली बसवतात. तिचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या टपावर झुकलेला असतो आणि थोरामोठ्यांचा पलंग त्या भागात असतो. 'पॉप-अप' जातीच्या खोलीचे छत प्रवासात खाली बसते व मुक्कामी पोचल्यावर वर उचलले जाते, आणि भिंत व छत यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते तिच्याभोवती लेप दिलेल्या जाड कापडाची कनात ताणली जाते. छत खाली असले म्हणजे वाऱ्याचा विरोध कमी, वळणावर गाडी कलंडण्याची धास्ती कमी, आणि झाडांच्या फांद्यांशी होणारे तंटेही कमी. स्टाइनबेक हा कादंबरीकार 1960 साली कुत्र्याला सोबतीला घेऊन देश पाहायला निघाला तो ट्रकवरच्या अशाच खोलीतून, जरी तिचे छत पक्के होते. डॉन क्विक्झोटच्या घोड्यावरून त्याने तिचे नाव रोसिनांते ठेवले होते आणि ती गाडी कॅलिफोर्नियात सॅलिनस येथील संग्रहालयात आजही पाहायला मिळते. छत वरखाली करण्याची युक्तीही 1950 च्या दशकातली आहे: अलास्कन कॅम्पर काढणाऱ्या डॉन हॉलने खोलीचा वरचा अर्धा भाग हायड्रॉलिक दाबाने उचलण्याची योजना केली, आणि त्यात कनातीचा प्रश्नच नव्हता, कारण वरच्या भिंतीसुद्धा कठीणच होत्या. तेव्हा या वेडात मी पहिला नाही, एवढी नोंद कृपया माझ्या खाती घ्यावी.

या लहानशा राज्यात सर्व अंमल वजनाचा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि माणसे व सामान मिळून गाडीने किती भार वाहावा याचा आकडा तीवर छापलेला असतो. आमच्या गाडीला 2,400 पौंडांची मुभा आहे. त्यातले 1,200 पौंड रिकाम्या खोलीनेच खाल्ले. 20 गॅलनची पाण्याची टाकी भरली की आणखी सुमारे 167 पौंड गेले. मग गॅसचे नळकांडे, बॅटरी, आम्ही चौघे, आणि शेवटी आपल्या सूनबाईंचा दगडी खलबत्ता, ज्याच्याविषयीचा अर्ज मी प्रथम नामंजूर केला, दुसऱ्या सुनावणीत राखून ठेवला, आणि ज्या दिवशी मला बाजारची आले-लसूण पेस्ट घातलेली आमटी वाढण्यात आली त्या दिवशी विनाशर्त मंजूर केला.

वजनाचा हा अंमल कारखानदारांच्या फार पथ्यावर पडला आहे. फळी पातळ का, असे विचारावे तर वजन वाचवले. कपाटाला पाठ का नाही, तर वजन वाचवले. यात काही अंशी तथ्य आहे हे मी मान्य करतो. कॅलिफोर्नियातील वुडलंडची फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा वितळजोड करून खोली उभारते तो याच काटकसरीपायी, आणि तसला सांगाडा गाडीबरोबर थोडा लवतो पण सुटत नाही. परंतु कडीचे वजन ते किती? पेलाभर पाणी कमी भरले तर दोन उत्तम कड्यांचा भार सहज निघून यावा. जी वस्तू वजनाला नगण्य, किमतीला किरकोळ आणि उपयोगाला सर्वश्रेष्ठ, तिथेच नेमका हात आखडता घेतला जातो, आणि याचे कारण मला तरी एकच दिसते: दुकानात खोली उभी असते. उभ्या खोलीत प्रत्येक दार बंद राहते, प्रत्येक ड्रॉवर आज्ञाधारक असतो, आणि गिऱ्हाइकाची दृष्टी स्वाभाविकच उशांच्या अभ्र्यांवर व रंग बदलणाऱ्या दिव्यांवर जाते.

आम्ही पाहिलेल्या एका नव्या खोलीचे वैभव ऐकावे. (कारखान्याचे नाव लिहीत नाही, आपण त्यांना पत्र धाडाल.) ओट्यामागे संगमरवर होता, पण तो चिकट कागदाचा. कपाटे सागवानी होती, पण सागाच्या रेषा छापलेल्या होत्या आणि त्या छापाच्या पोटी भुसा दाबून केलेली फळी होती, जिला येथे आणि आपल्याकडेही पार्टिकल बोर्ड म्हणतात. सूनबाईंनी आत पाऊल टाकताच नाकाला पदर लावला. नव्या फळीच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू झिरपतो. 2005 च्या कतरिना वादळानंतर बेघरांना सरकारने दिलेल्या फिरत्या घरांत लोकांचे डोळे व घसे त्याने इतके पोळले की, पुढे 2010 साली असल्या फळ्यांतून निघणाऱ्या वायूला मर्यादा घालणारा कायदा झाला. तो वास मर्यादेत असेलही. सूनबाईंच्या मर्यादेत नव्हता. मग त्यांनी विक्रेत्यादेखत एकेक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, खालून हात फिरवून स्क्रूची टोके चाचपली, आणि कपाटाच्या दारावर आतून गुद्दा मारला, तेव्हा ते दार लोहचुंबकाच्या एवढ्याशा पट्टीचा निरोप घेऊन बाहेर आले. विक्रेता म्हणाला, असे आतून कोण मारणार? सूनबाई म्हणाल्या, "डबे."

अखेर घेतली ती जुनी, दुसऱ्याच्या हातची, दिसायला सरकारी कचेरीच्या कपाटासारखी करडी खोली. तिच्या कपाटांना प्लायवुड आहे, वर साधा पांढरा सनमायका, कडांना ॲल्युमिनियमची पट्टी. दारांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी पियानो बिजागरी, म्हणजे भार दोन ठिकाणी न लटकता सबंध कडेवर वाटला जातो. आणि मुठीच्या जागी दाबले की आत जाणारे व पुन्हा दाबले की बाहेर येणारे बटण, ज्याची जीभ लाकडात खरोखर अडकते. ड्रॉवरला बटणही नाही. खालच्या पट्टीला खाच आहे, त्यामुळे ड्रॉवर किंचित उचलून मगच ओढावा लागतो. ही जहाजवाल्यांची जुनी वहिवाट आहे, आणि मोडण्यासारखे तीत काहीच नसल्यामुळे ती मला सर्वांत प्रिय आहे.

आपण 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर पडलेल्या घरांचे पंचनामे लिहिले होते, तेव्हा हलणाऱ्या घराचा सांधा कुठे सुटतो हे आपल्याला मी सांगावे असे नाही. येथील जाणते लोक असल्या खोलीला रोजच्या भूकंपात राहणारे घर म्हणतात ते उगाच नव्हे. युटा राज्यात एस्कलांटे गावाहून होल-इन-द-रॉक नावाचा कच्चा रस्ता निघतो. 1879-80 च्या हिवाळ्यात मॉर्मन कुटुंबे या वाटेने गेली आणि अखेरीस कोलोराडो नदीवरच्या कड्याच्या चिरेतून त्यांनी आपल्या गाड्या दोर लावून खाली उतरवल्या. त्यांच्या गाड्यांना ड्रॉवर नव्हते, हे त्यांचे भाग्य. या रस्त्यावर आडव्या वळ्या पडतात, मैलोगणती, एकसारख्या. आणि भौतिकशास्त्रज्ञांनी फिरत्या वाळूवर चाक चालवून सिद्ध केले आहे की, ठराविक वेगाच्या वर गेलेले कोणतेही चाक कोरड्या वाळूत त्या वळ्या पाडतेच, मग त्याला स्प्रिंग असो वा नसो. आपल्या खात्याने रस्ता कितीही वेळा सपाट करवला तरी तो पुन्हा तसाच का होई, याचा दोष कंत्राटदारावर न ठेवता निसर्गावर ठेवण्याची सोय यामुळे झाली, हे आपल्याला आवडेल की नाही याची मला शंका आहे.

या रस्त्याने आम्ही गेलो तेव्हा आमच्या बरोबर एक नागपूरकर स्नेही आपली नवीकोरी, संगमरवरी कागदाची खोली घेऊन आले होते. टायरची हवा उतरवून सावकाश चालावे, असे मी सुचवले. त्यांनी वऱ्हाडी औदार्याने ते ऐकून घेतले. पहिल्या मुक्कामी त्यांचे दार उघडले तेव्हा आतली भांडी आरतीच्या शेवटच्या कडव्यातल्या झांजांसारखी अजून थरथरत होती. चुंबकांनी केव्हाच राजीनामे दिले होते. ड्रॉवर चॅनेलसकट जमिनीवर, तिखटाचा डबा पलंगावर, आणि पांढऱ्या अभ्र्यांवर हळद अशी की, सत्यनारायण होऊन गेला असे वाटावे. उपटलेल्या स्क्रूच्या जागी भोकातून भुसा गळत होता, आणि पार्टिकल बोर्डाचे दुर्दैव असे की, एकदा मळसूत्राची पकड गेली की तोच स्क्रू त्याच भोकात कितीही पिळला तरी नुसता फिरतो. प्लायवुडात तंतूंचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून पकड टिकते. भुशाला सलग तंतूच नाहीत, तो धरणार कशाला? आगपेटीच्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठोकल्या आणि त्यांवर स्क्रू पिळला, हा आपलाच उपाय. तो लागू पडला. स्नेह्यांनी तो अमेरिकन शोध समजून वहीत टिपून घेतला, आणि मीही त्यांचा भ्रम दूर केला नाही.

आमच्या खोलीत सर्व आलबेल आहे असे मात्र समजू नये. फ्रीजचे दार आणि कपड्यांच्या कपाटाचे दार एका वेळी उघडत नाहीत, त्यामुळे सकाळी दूध आधी की सदरा आधी, यावर अग्रक्रमाचे नियम करावे लागले. बाकाखालच्या पेटीच्या झाकणाला अडणा नाही. ते डोक्याने तोलून धरावे लागते, आणि हे काम वयोमानाप्रमाणे चिरंजीवांकडे आले आहे. छताखालची कनात कापडी असल्याने थंडीच्या रात्री भाताची वाफ तीवर गोठते व पहाटे थेंबाथेंबाने, ज्याचे त्याला, परत केली जाते. मोहरी तडतडली की छताचा धुराचा पहारेकरी किंचाळतो. गॅसचा पहारेकरी मात्र जमिनीलगत बसवतात, कारण हा गॅस हवेहून जड असून गळला तर खाली साचतो. एकूण निष्कर्ष असा निघाला की फोडणी बाहेर, झाडाखाली.

फ्रीजविषयी लिहिले तर आपण विश्वास ठेवणार नाही, पण तो ज्योतीवर चालतो. स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली शोधलेली ही युक्ती आहे: खाली उष्णता द्यावी, नळ्यांत अमोनिया फिरावा, आणि वर बर्फ व्हावा, हलणारा भाग एकही नाही. अट एवढीच की तो समपातळीत हवा, नाहीतर आतला प्रवाह तुंबतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आपण पाठवलेली जुनी पितळी पाणसळ प्रथम ओट्यावर ठेवली जाते, कन्या बुडबुड्याकडे पाहून हुकूम सोडते, आणि मी चाकांखाली फळ्या सरकवत बसतो. बुडबुडा मध्यावर आल्याचा दाखला तिने दिल्याशिवाय चहाला दूध मिळत नाही.

निघताना छत खाली ओढून बाहेरच्या कड्या लावणे हे सर्वांत जोखमीचे काम. एखादी राहून गेली तर महामार्गावरचा वारा छताखाली शिरतो. सूनबाई खजिन्याला मोहर करावी तशी गाडीला प्रदक्षिणा घालतात, प्रत्येक कडीला हात लावून ओढून पाहतात, आणि नंतर मी लावली असे म्हटलेली प्रत्येक कडी पुन्हा ओढून पाहतात. त्या कड्यांपैकी दोन आता झिजल्या आहेत. येथे मिळतात त्या चकचकीत असून पोकळ आहेत. नखाने वाजवल्या तर आवाजच सांगतो.

म्हणून विनंती की, बोहरी आळीतून चार इंची, भरीव पितळेच्या दोन कड्या कोयंड्यासह घ्याव्यात. दुकानदार वजनाने हलकी दाखवील ती घेऊ नये, हे आपल्याला सांगण्याचा अगोचरपणा माझ्या हातून होत आहे तो सूनबाईंच्या आग्रहास्तव. भार किती वाढेल त्याची चिंता नसावी. मी तेवढे पाणी कमी भरीन. बाकी सर्व क्षेम. मातोश्रींस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
चिरंजीव

ता. क. : कड्यांबरोबर स्क्रू पाठवू नयेत. या खोल्यांतले बहुतेक स्क्रू चौकोनी खाचेचे असतात; कॅनडाच्या रॉबर्टसन नावाच्या गृहस्थाने 1909 साली त्यांचे पेटंट घेतले, आणि पुढे प्रत्यक्ष हेन्री फोर्डलासुद्धा ते बनवण्याचा परवाना दिला नाही. त्यात टोक घट्ट बसते, घसरत नाही. पण आपल्या पेटीतला एकही स्क्रूड्रायव्हर त्याला लागणार नाही. कड्यांना भोके मात्र आठ नंबरचा स्क्रू जाईल एवढी आहेत ना, हे दुकानातच एक स्क्रू घालून पाहावे. दुकानदार हो म्हणेल, तरी पाहावे.