पोलिसांचा गेम

उजवीकडे चालत राहायचं आणि समोर येईल त्याला ठोकायचं, म्हणजे शहरातली गुन्हेगारी संपते. पोलीस खात्याचा इतका सुटसुटीत अभ्यासक्रम मला सेगा कंपनीने शिकवला. गेमचं नाव 'स्ट्रीट्स ऑफ रेज', साल १९९१. जपानात त्यालाच 'बेअर नकल' म्हणतात. आता डहाणूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं आणि उजवीकडे निघालं, तर घोलवड, बोर्डी, झाई करत गुजरात लागतं आणि आपल्या पोलिसांची हद्दच संपते. गेममध्ये ही भानगड नाही. तिथे ओळीने आठ राउंड, आणि आठव्याच्या टोकाला खुर्चीत बसलेला गुंडांचा म्होरक्या मिस्टर एक्स.

गोष्ट अशी की शहर एका टोळीच्या ताब्यात गेलंय, पोलीसही तिने विकत घेतलेत. म्हणून अ‍ॅक्सल, अ‍ॅडम आणि ब्लेझ हे तीन तरुण पोलीस राजीनामा देऊन रस्त्यावर उतरतात. त्यांच्या फंडाचं पुढे काय झालं, याचा गेममध्ये कुठेही उल्लेख नाही. मी जन्मभर सरकारी टेबलामागे बसलेला माणूस, त्यामुळे मला पहिली शंका हीच आली. बाकी सोयी मात्र उत्तम. दमलात की टेलिफोन बूथ फोडायचा, आतून सफरचंद निघतं. ते खाल्लं की अंगात जीव येतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण तो अजूनही विकतच घ्यावा लागतो.

हा गेम मी वयाच्या या टप्प्यावर विकत घेतला, त्याला निमित्त भाचीचं. ती दिवाळीच्या सुट्टीत यायची होती आणि तिच्यासमोर मला शूर दिसायचं होतं. वापीच्या बाजारात टीव्हीला लावायची एक काळी काडी मिळाली, तिच्यात म्हणे हजारो जुने गेम. सोबत दोन रिमोट आणि वायरींचा गुंता. वापीहून डहाणू रोडला सरळ रेल्वे आहे. पण मला वाटेत तलासरीला एक काम उरकायचं होतं, म्हणून मी शेअर जीपमध्ये बसलो आणि खोका मांडीवर घेतला.

दमणची स्वस्त दारू या बाजूला उतरू नये म्हणून सीमेवर अधूनमधून गाड्या तपासतात. त्या दिवशी आमची जीप थांबवली. हवालदार सज्जन होते. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. कारण एवढ्या जीपमध्ये घाम फक्त मलाच फुटला होता. वर्दी दिसली की मला न केलेले गुन्हेही आठवू लागतात.

"खोक्यात काय आहे?"

साधा प्रश्न होता. 'खेळणं' म्हटलं असतं तर जीप पुढे गेली असती. पण अशा वेळी माझी जीभ माझ्या आधी धावते. म्हटलं, "पोलिसांचा गेम आहे, साहेब."

जीपमध्ये शांतता पसरली. शेजारी टोमॅटोची पाटी घेऊन बसलेल्या मावशी पाटीसकट पलीकडे सरकल्या.

"कोणाचा गेम?"

"म्हणजे करायचा नाही, खेळायचा," मी खुलासा केला आणि तो आणखी वाईट निघाला. खोका उघडला गेला. आत काळी काडी आणि चहूबाजूंनी वायरी. हे दृश्य माझ्या बाजूने साक्ष देणारं नव्हतं.

"यात पोलीस काय करतात?"

"आधी राजीनामा देतात."

"मग?"

"मग गुंडांना मारतात."

"राजीनामा दिल्यावर?"

"हो. आणि अडचण आलीच तर बटण दाबून पोलिसांची गाडी बोलावतात. ती लांबूनच आगीचा मारा करते. रस्त्यावरचे सगळे गुंड भाजून निघतात, आपल्याला काही होत नाही."

हवालदारांनी आपल्या उभ्या गाडीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, गाडीत बसा," ते म्हणाले. त्या स्वरात संशय उरला नव्हता, नुसती कणव होती. तलासरी येईपर्यंत जीपमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही.

घरी भाचीने ब्लेझ घेतली, मी अ‍ॅक्सल. संगीत युझो कोशिरोचं. आजही जगभर लोक ते ऐकतात. आमच्या हिने स्वयंपाकघरातून "विसर्जन झालं ना?" एवढीच दाद दिली. या गेममध्ये जोडीदारालाही मार लागतो, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या राउंडला समुद्रकिनारा येतो. तिथे मी गुंडांपेक्षा भाचीलाच जास्त बदडलं. "मामा, मी तुझ्या बाजूने आहे!" ती ओरडायची, तोवर माझा पुढचा गुद्दा निघालेला असायचा. पुढे पुढे ती मला मागे ठेवून एकटीच साफसफाई करू लागली आणि मी वाटेतली सफरचंदं खात चालू लागलो. आठव्या राउंडपर्यंत पोहोचण्याची ही सगळ्यात सुरक्षित पद्धत आहे.

तिथे मिस्टर एक्स लढत नाही, आधी प्रश्न विचारतो: माझा उजवा हात होशील का? दोघांनी आपापलं उत्तर द्यायचं असतं. भाचीने तत्काळ 'नाही' दाबलं. मी 'हो' दाबलं.

विचार करून दाबलं असं नाही. समोर खुर्चीत सूट घातलेला माणूस बसलाय आणि जागा भरायची म्हणतोय. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खुर्चीतल्या माणसाला मी 'नाही' म्हणालेलो नाही. अंगठा आपोआप गेला.

"मामा! तू गुंडाला हो म्हणालास?"

"त्याच्या हातात मशीनगन आहे गं."

"गेममध्ये आहे!"

दोघांची उत्तरं वेगळी आली की गेम दोघांनाच एकमेकांशी लढायला लावतो. मी रिमोट नीट धरेपर्यंत ब्लेझने अ‍ॅक्सलला उचलून आपटलं होतं. त्यानंतर जे झालं त्याला लढत म्हणता येणार नाही, निवृत्ती म्हणता येईल. मग भाचीने मिस्टर एक्सलाही एकटीने निकालात काढलं.

"कोण जिंकलं?" आतून विचारणा झाली.

"पोलीस," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

कोणाला खेळायची हौस असेल तर या आमच्याकडे, काडी चालू स्थितीत आहे. मिस्टर एक्सला काय सांगायचं ते मात्र घरून ठरवून या. दोघांनी 'हो' म्हटलं तर पायाखालची फळी उघडते आणि तुम्ही सहाव्या राउंडला परत पडता. आठव्या राउंडमध्ये पोलिसांची गाडी बोलावता येत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि असला खोका घेऊन सीमेवरून येताना कोणी विचारलंच, तर 'खेळणं' म्हणा आणि गप्प बसा.