मुखदर्शनाची रांग

पंढरपूरला दर्शनाच्या दोन तऱ्हा आहेत. मुखदर्शनाची रांग भरभर सरकते. लांबून विठोबाचं मुख दिसतं, हात जोडायचे आणि बाहेर. पदस्पर्शाच्या रांगेत आषाढीला उभं राहिलं की दिवस मावळतो, पुन्हा उजाडतो, पुढच्या माणसाची मान घामोळ्यांसकट पाठ होते, पण शेवटी डोकं थेट देवाच्या पायांवर टेकतं. यातलं काहीच जमलं नाही, तर कळस आहेच. लांबून पाहिला तरी वारी पावते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाल्यापासून आमचं भजनी मंडळ एकमेकांचं कळसदर्शन घेतं.

पूर्वी गुरुवारी कोणाच्या तरी घरी आठ-दहा टाळकी जमायची. पेटी माझी, पखवाज बापूंचा आणि चालीवरून भांडण नानांचं. आता ग्रुपात दोनशेच्या वर माणसं आहेत. टाळ मात्र सहाच जोड्या, त्यातलीही एक अण्णांच्या मुलाबरोबर न्यू जर्सीला गेली. २०२२ साली व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ केली, तेव्हा आमचे अ‍ॅडमिन अण्णा यांनी पेढे वाटले. म्हणजे पेढ्यांचा फोटो.

पहाटे साडेचारला अण्णांचं 'राम कृष्ण हरी' पडतं आणि उजाडेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची माळ लागते. वारीत वारकरी वय न बघता, जात न विचारता एकमेकांच्या पाया पडतात. इथे ते अंगठ्यावर भागतं. माझे गुडघे या सुधारणेवर खूश आहेत, म्हणून मी फार बोलत नाही.

रॉबिन डनबर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात माकडांच्या आणि माणसांच्या मेंदूंची तुलना करून हिशोब मांडला, की माणसाला साधारण दीडशे जणांशीच नाती निभावता येतात. त्यातले अगदी जिवाभावाचे पाचेक. दीडशे मला जास्तच वाटतात. डनबरसाहेबांना कधी सहा टाळ एका ठेक्यात आणावे लागले नसणार.

मध्यंतरी बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ग्रुपवर शुभेच्छांचा पूर आला. डॉक्टरांनी मोबाइलकडे बघायची मनाई केलेली, त्यामुळे काकू वाचून दाखवत होत्या, "हात. हात. फूल. हात. गणपती. हात."

"कोणाचे आहेत?" बापूंनी विचारलं.

"सगळे सारखेच दिसतात हो."

नानांकडे बटणांचा फोन आहे, त्यामुळे त्यांना शुभेच्छा पाठवता आल्या नाहीत. ते स्वतःच आले. रोज सकाळी येऊन बापूंच्या डोळ्यात थेंब घालायचे आणि थेंब आत उतरेपर्यंत, बापूंना उठता येत नाही याचा फायदा घेऊन, "अरे, तुझा ठेका धावतो, हे मी किती वर्षं सांगतोय," असं ऐकवायचे. बापू डोळे मिटून शिव्या देत. काकू म्हणतात, औषधापेक्षा त्यानेच गुण आला.

तरी ग्रुपला नावं ठेवताना माझी जीभ अडते. २०२० साली साथीमुळे पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, पायी वारी झालीच नाही. तेव्हा आम्ही व्हिडिओ कॉलवर भजन केलं. पुण्यातून 'विठ्ठल' निघायचा आणि डोंबिवलीचा टाळ त्यावर पडेपर्यंत इकडे 'रखुमाई' होऊन गेलेली असायची. मध्येच अण्णांच्या कुकरची शिट्टी. ती तेवढी समेवर. भजन म्हणून ते ऐकण्यासारखं नव्हतं. पण अंथरुणाला खिळलेल्या एक आजी त्या चौकोनात हात जोडून शेवटपर्यंत बसल्या होत्या, आणि त्यांना मुखदर्शनाच्या रांगेत ढकलायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. चालता येत नाही त्याने मुखदर्शन घ्यावं. प्रश्न आम्हा धडधाकटांचा आहे. आम्ही बापूंपासून दोन गल्ल्यांवर राहतो.

बापूंची पट्टी सुटल्यावर अण्णांनी ग्रुपवर विचारलं, "गुरुवारी प्रत्यक्ष भजन ठेवायचं का? बापूंकडे." हातांचा खच पडला. न्यू जर्सीहूनही होकार आला.

काकू साबुदाणा भिजवायला बसल्या. मी फोन पुढे करून म्हटलं, "काकू, हे बघा, पन्नासच्या वर हो आलेत. जरा जास्तच भिजवा."

त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. "आपल्याकडे टाळ किती जोड्या उरल्यात?" त्यांनी विचारलं आणि तेवढ्याच वाट्या मोजून घातल्या.