पन्नास सूत बाय चौदा

हल्ली कॉम्प्युटरचं कॅबिनेट घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार सगळ्यात आधी त्यातले दिवे लावून दाखवतो. एक बाजू अख्खी काचेची, आत पंखे, आणि पंख्यांचे रंग गणपतीच्या मांडवातल्यासारखे आळीपाळीने धावतात. हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते असं विचारलं तर तो खिशातून रिमोट काढतो. "मोड बदलतात ना, सर!" माझी अपेक्षा एवढीच होती की कॅबिनेटने टेबलाशेजारी गुमान उभं राहावं आणि रात्री बारा वाजता खोलीत ऑर्केस्ट्रा भरल्याचा भास होऊ देऊ नये. साध्या काळ्या पत्र्याचीही मिळतात, नाही असं नाही. पण त्यांच्याकडे बघून जीव रमत नाही. तेव्हा सागवान आणि अ‍ॅल्युमिनियम आणून आपणच करून घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि बाकीच्यांना कळवलं.

"लाकडाचा कॉम्प्युटर!" आप्पा म्हणाले. "उद्या दगडाचा मोबाईल घे."

अशा प्रसंगासाठी माझ्याकडे एक ठेवणीतला दाखला होता. 1976 साली जॉब्ज आणि वॉझ्नियाक या जोडीने अ‍ॅपल-1 विकायला काढला, तेव्हा 666 डॉलर 66 सेंट मोजून गिऱ्हाइकाच्या हाती पडायचा तो नुसता जोडलेला बोर्ड. डबा नाही, कीबोर्ड नाही, पडदा नाही. ट्रान्सफॉर्मरसुद्धा ज्याचा त्याने आणायचा. मग लोकांनी काय केलं? सुतारकाम केलं. जेमतेम दोनेकशे बोर्ड निघाले, त्यातला एक लाकडी पेटीसकट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. म्हणजे आज जी कंपनी अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत पाठीचे पैसे घेते, तिचं बारसं लाकडी पेटीत झालं होतं.

बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "अर्थिंग कुठे देणार?"

ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. अशा बाईसमोर स्मिथसोनियन चालत नाही.

तिचा मुद्दा बिनतोड होता. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये वीज गाळायला जे कपॅसिटर असतात, ते थोडीशी वीज सतत बाहेरच्या पत्र्याकडे सोडत असतात. अर्थिंग ठीक असेल तर ती मुकाट्याने जमिनीत जाते. नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि 230च्या निम्म्याला, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, लोंबकळतो. करंट नगण्य असतो, पण टेस्टर लावला की दिवा लागतो आणि पोटरी घासली की मुंग्या येतात. जुन्या वाड्यातल्या सायबर कॅफेंमध्ये ज्यांनी अनवाणी बसून निकाल पाहिले असतील त्यांना हे सांगायला नको. निकालाच्या धक्क्याआधी एक धक्का मिळायचा.

म्हणून तिने फर्मान काढलं : मदरबोर्डाची बैठक, मागची बाजू आणि पॉवर सप्लायची जागा अ‍ॅल्युमिनियमची, एकसंध, आणि सगळी अर्थला जोडलेली. बाहेरचं कवच हवं त्या झाडाचं कर. आणखी एक कलम होतं. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅनोडाइज केलं की छान मऊ राखाडी रंग येतो, पण तो थर वीज वाहून नेत नाही. तेव्हा जिथे अर्थचा स्क्रू बसेल तिथला थर कानशीने खरवडायचा. भोसरीहून चकचकीत होऊन आलेल्या पत्र्यावर पहिली कानस तिनेच मारली. इतक्या प्रेमाने तिने घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावलेला मी पाहिला नाही.

शेजारच्या काकांना आगीची काळजी होती. लाकूड पेटायला अडीचशे-तीनशे अंश लागतात. प्रोसेसर शंभराच्या आसपास पोचला की आपणहून वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर बंद पडतो. आपल्यातले फार थोडे इतके समजूतदार असतात. "पण लाकडात गरम नाही का होणार?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. अ‍ॅल्युमिनियम सागापेक्षा हजारपटीहून जास्त सहज उष्णता वाहून नेतं हे खरं. पण कॅबिनेटमधली उष्णता भिंतींतून जातच नाही, ती वाऱ्याबरोबर जाते. पंखा आणि भोक नीट असेल तर डबा कशाचा आहे याला फारसं महत्त्व नाही. काकांना पटलं नाही. ते अजून येताना पाठीवर हात ठेवून बघतात. कॅबिनेटच्या.

लाकूड घरचंच होतं. गावचं घर उतरवलं तेव्हा माजघराच्या दाराची एक फळी आप्पांनी "लागेल कशाला तरी" म्हणून पुण्याला आणली होती आणि ती गॅलरीत उभी होती. मिस्त्रींनी ती आडवी घातली, पण रंध्याला हात लावला नाही. खिशातून एका जुन्या स्पीकरचं गोल लोहचुंबक काढलं आणि फळीवरून हळूहळू फिरवायला लागले. मधेच टच्च. तिथे पेन्सिलीने फुली. पुन्हा टच्च. जुन्या लाकडाच्या पोटात डोकं तुटलेले खिळे असतात आणि एक खिळा रंध्याच्या पात्याची वाट लावतो. पटाशीने उकरून पहिला खिळा निघाला तेव्हा त्याच्याभोवतीचं लाकूड काळंनिळं झालेलं होतं, लोखंडाने डागलेलं. मग रंधा फिरला. वरचा चॉकलेटी ऑइलपेंट धाकट्या काकाच्या लग्नातला, खालचा हिरवा आत्याच्या, त्याच्याखालचा आप्पांना आठवेना, ते म्हणाले, "माझ्याच असेल." त्याखाली मात्र जो साग निघाला तो असा तेलकट, सोनेरी, की मिस्त्री क्षणभर माझ्याकडे बघायला लागले. "साहेब, ह्याचा देव्हारा करू या का?"

हा प्रश्न पुढे निरनिराळ्या रूपांत येतच राहिला. सागाची पेटी, पुढे जाळी, आत मंद दिवा. दुसरं काही असू शकतं हे मिस्त्रींना पटवणं अवघड होतं.

अ‍ॅल्युमिनियमचं काम स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्या एका पोराकडे होतं. हुशार पोरगा, पण खिडकी सोडून जगात दुसरं काही सरकू शकतं यावर त्याचा विश्वास नव्हता. दोघांना एकाच दिवशी बोलावलं. आल्या आल्या त्याने सागाकडे पाहिलं. "काका, पावसाळ्यात फुगणार हे." मिस्त्रींनी त्याच्या अठरा गेजच्या पत्र्याला बोटाने टिचकी मारली. "आणि हे वाकणार."

गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. साग इतर लाकडांच्या मानाने गुणी, तरी फूटभर रुंदीची फळी उन्हाळा ते आषाढ एवढ्या काळात मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे करतेच. लांबीत नाही, रुंदीत. अ‍ॅल्युमिनियमला ओलाव्याशी देणंघेणं नाही, त्याला ऊन लागतं, आणि फुटामागे वीस अंशांना ते वाढून वाढून मिलिमीटरचा सातवा हिस्सा वाढतं. ही दोन माणसं आणि हे दोन जिन्नस एकमेकांना घट्ट आवळून चालणार नव्हतं. मिस्त्रींनीच तोड काढली : पत्र्याला गोल भोकं पाडायची नाहीत, लांबट पाडायची, आणि स्क्रू वायसर घालून बेताने पिळायचा. जुनी फळी त्या खाचेत हवी तेवढी सरकेल. "सरकेल" म्हटल्यावर पोराचा चेहरा खुलला.

मग मापं. मी मदरबोर्डाच्या प्रमाणित मापांचा कागद छापून आणला होता. ही मापं 1995 साली इंटेलने ठरवून दिली. तेव्हापासून बोर्ड कुणाचाही असो, भोकं त्याच जागी. सगळ्यात नाजूक म्हणजे पाठीमागची ती आडवी चौकट, जिच्यातून माऊस-कीबोर्डची भोकं बाहेर डोकावतात. तिथे बोर्डाबरोबर आलेली पातळ पट्टी खटकन बसते. बसली तर बसली, नाहीतर जन्मभर खुळखुळते.

"एकशे अठ्ठावन्न पॉइंट पंच्याहत्तर बाय चव्वेचाळीस पॉइंट पंचेचाळीस मिलिमीटर," मी वाचलं.

"एकशे एकोणसाठ बाय साडेचव्वेचाळीस धरू," पोरगा म्हणाला.

"धरू कशाला?" मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. "साहेब, सुतात सांगा."

इंचाला आठ सूत. मी मोबाईलवर भागाकार केला आणि गप्प बसलो. लांबी पन्नास सूत. उंची चौदा सूत. ना दशांश, ना शिल्लक.

"म्हणजे सव्वासहा बाय पावणेदोन," मिस्त्री म्हणाले. "मग तसं बोला ना. उगाच पॉइंट पॉइंट काय करताय?"

मोठ्या बोर्डाची लांबीही नीट बारा इंच निघाली. मिलिमीटर हा नंतर चढवलेला साज; आत सगळा इंचांचा कारभार. मिस्त्रींचा भाव एकदम वधारला. पोराच्या हिशेबाने पाव मिलिमीटर ढिलं झालं असतं, हे त्यांनी त्या दिवशी चहा देणाऱ्यालाही सांगितलं. फक्त बोर्डाच्या रुंदीपाशी गाडी अडली. ती 9.6 इंच आहे. म्हणजे शहात्तर सूत आणि वर काहीतरी कुरकुर. कार्ड बसवायच्या खाचांमधलं अंतरही असंच, 0.8 इंच. मिस्त्रींनी कागद परत केला. "हे दुसऱ्या कुणीतरी काढलंय. पहिला माणूस सुतार असणार."

स्क्रूंच्या खरेदीसाठी बोहरी आळीत गेलो ते वेगळंच पुराण. कॉम्प्युटरमध्ये स्क्रूंच्या दोन जाती नांदतात : एक इंची, इंचात बत्तीस आटे असलेली, दुसरी तीन मिलिमीटरची, बारीक आट्यांची. लांबून सख्ख्या बहिणी. एकीच्या भोकात दुसरी दोन फेरे आनंदाने जाते आणि तिसऱ्याला आटे खाते. पॉवर सप्लायला इंची, छोट्या डिस्कला मिलिमीटर. का, ते विचारू नये. दुकानदाराने दोन्ही एकाच पुडीत बांधून दिले आणि वर म्हणाला, "जो बसेल तो आपला."

धुळीसाठी पंख्यापुढे काय लावावं यावर मी बराच विचार केला होता. पोराने खिडकीच्या डासांच्या जाळीचा तुकडा कापून चेपून बसवला; तीही अ‍ॅल्युमिनियमची, धुऊन परत लावता येणारी, शिवाय पालीला मज्जाव. पंख्याची गोल भोकं मिस्त्रींनी सागात अशी सफाईने पाडली की मी विचारलं, हे कुठे शिकलात? उमेदीच्या काळात ते मंडळांसाठी स्पीकरची खोकी करायचे. आज आमच्या कॉम्प्युटरचा आवाज येत नाही, त्यामागे अशी कानठळ्या बसवणारी पूर्वतयारी आहे.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बायकोने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. आप्पांनी आपला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून कॅबिनेटभोवती प्रदक्षिणा घातली, कारण लाकूड रेडिओलहरी अडवत नाही हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. जवळ गेल्यावर थोडी खरखर आली. हात-दीड हात लांब गेल्यावर बातम्या स्वच्छ. "चालेल," ते म्हणाले. "पण सकाळी सात वाजता लावायचा नाही."

मिस्त्री मात्र आत डोकावून नाराज होते. पॉवर सप्लायच्या पुढे खालच्या अंगाला चांगली फूटभर जागा मोकळी राहिली होती. हवेसाठी मोकळी जागा लागते, असं मी म्हणालो. "हवेला वर ठेवलीय की एवढी," ते म्हणाले. खरंही होतं; त्या कोपऱ्यात हवेचं काही काम नव्हतं. रिकामी जागा पाहून सुताराच्या जिवाला जे होतं ते मी थांबवू शकलो नाही. उरलेल्या सागाचा त्यांनी तिथे एक खण करून दिला, पितळी मुठीसकट, त्या मुठीचे पैसे न घेता.

बायकोला कॅबिनेटमधलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर तो खण. त्यात आता सोसायटीच्या पावत्या आहेत, रिमोटचे सेल आहेत, रबरबँड आहेत, आप्पांच्या गोळ्यांची चिठ्ठी आहे आणि दोन्ही जातींचे उरलेले स्क्रू आहेत.

परवा बिल भरायची शेवटची तारीख होती. मी ओरडून विचारलं, लाइटबिल कुठाय?

"कॉम्प्युटरमध्ये आहे," आतून आप्पा.

मी डाउनलोड्स पाहिलं, मेल पाहिली, "बिल", "वीज", "लाइट" असं सगळं टाकून शोधलं. मागे येऊन आप्पा थोडा वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले.

"अरे, तिथे काय शोधतोयस? खण ओढ!"