हनुवटी जरा खाली

तुमच्या ओळखीत तो आहेच. आठवडाभर दुसऱ्याच्या हिशेबाच्या वह्या भरतो आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवला की कलावंत होतो. आमच्या पिंपळगाव बसवंतला तो टोमॅटोच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहे. ऑगस्टात हंगाम सुरू झाला की बाजार समितीच्या आवारात 20 किलोचे क्रेट मोजतो आणि मोजता मोजता मध्येच थांबून समोरच्या शेतकऱ्याकडे डोळे बारीक करून बघत राहतो. शेतकऱ्याला वाटतं, मालात काहीतरी खोट निघाली. तो बिचारा गयावया करायला लागतो. हा म्हणतो, "हलू नका काका. उजव्या गालावर काय लाइट पडलाय!"

गावात त्याला हनुवटीशेठ म्हणतात. कारण कॅमेरा डोळ्याला लागला की त्याच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडतं ते हेच : "हनुवटी जरा खाली." नवरदेवाला खाली, नवरीला खाली, करवलीला तर फारच खाली. पासपोर्टच्या फोटोलाही खाली. तो फोटो परत आला, तरी याचं म्हणणं, सरकारला कंपोझिशन कळत नाही. बारशाच्या बाळाला त्यानं हे सांगितलं तेव्हा पाळण्याभोवतीच्या बायका हसल्या. पण बाळाला मुळात हनुवटीच सापडेना, म्हणून हा खरोखर खट्टू झाला. पोळ्याच्या दिवशी शिंगांना बेगड लावलेल्या बैलासमोर उकिडवा बसून तो तेच म्हणाला आणि बैलानं ऐकलं. तेव्हापासून माणसांवर त्याची चिडचिड वाढली आहे.

लग्नाचे फोटो हे त्याच्या मते पोटासाठी. खरं काम म्हणजे मॉडेल शूट आणि 'क्रिएटिव्ह पोर्ट्रेट'. त्यासाठी त्यानं 50 ची, 1.8 ची लेन्स घेतली. या लेन्सची मोठी थोरवी अशी, की माणूस तेवढा लख्ख दिसतो आणि मागचं सगळं विरघळून जातं. मागचं सगळं म्हणजे आग्रा रोडचा उड्डाणपूल, क्रेटच्या थप्प्या, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि खताच्या दुकानांच्या पाट्या. थोडक्यात, मॉडेलच्या पाठीमागून पिंपळगाव पुसून काढायला त्यानं कर्ज काढलं आहे. बाकी सरंजाम मात्र पक्का गावचा. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरतात त्या मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू हा त्याचा रिफ्लेक्टर. उलटा क्रेट हे मॉडेलचं आसन. ऊन मऊ करायला शेडनेटचा तुकडा, आणि तो धरायला भाचा.

अडचण एकच, मॉडेल. पिंपळगावात द्राक्षं मिळतात, कांदा मिळतो, मॉडेल मिळत नाही. मुलगी तयार झाली तर तिच्याबरोबर आई येते, मावशी येते आणि नुसतं बघायला म्हणून मोठा भाऊ येतो. आईला फ्रेमच्या बाहेर काढणं हे तालुक्यातलं सर्वांत अवघड काम. ती बाहेर जाते, लेकीची ओढणी सारखी करायला परत आत येते. शेवटी सूर्य मावळतीला आला, याला हवा तो सोनेरी लाइट पसरला, की मावशी म्हणते, "आमचा पण एक काढा की!" आणि त्या दिवसाचा सगळा सोनेरी लाइट मावशीवर खर्च होतो.

असं झालं की तो दादासाहेब फाळक्यांना मधे घेतो. फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. चित्रपटाआधी त्यांनी फोटोग्राफीचाही धंदा करून पाहिला होता, आणि 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तरी तारामती कुठे मिळाली? उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवावी लागली. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तेच साळुंके राम आणि तेच सीता. हा इतिहास अगदी खरा आहे. पण त्याच्या जोरावर यानं आपल्या मेहुण्याला नऊवारी नेसवण्याचा विचार जेवताना बोलून दाखवला. मेहुणा त्यानंतर मुक्कामाला आलेला नाही.

पुरुष मॉडेलांची वेगळीच तऱ्हा. मालिकेत जायचं म्हणून केस वाढवलेला एक पोरगा याला सापडला. पांढरा शर्ट, बाग, आणि वाऱ्यावर उडणारे केस असं ठरलं. वारा पडलेला. बागेत फवारणीचा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या ब्लोअरचा पंखा म्हणजे वाराच वारा. बागवाल्या काकांना ट्रॅक्टरवर बसवलं, पोराला पंख्यासमोर उभं केलं, "हनुवटी जरा खाली" झालं, आणि काकांनी पंख्याबरोबर औषधाचा कॉकही सोडला. टाकीत डावणी रोगासाठी कालवलेलं बोर्डो उरलं होतं. मोरचूद आणि चुना. पोरगा घरी गेला तेव्हा आईनं दारातच विचारलं, "कृष्णाचं काम मिळालं का रे?" त्याचे डोळे धुवून डॉक्टरला दाखवेपर्यंत हा गप्प होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. रात्री मात्र फोटो इन्स्टाग्रामवर चढला : 'ब्लू : एक कन्सेप्ट'. त्याला मिळालेले सर्वांत जास्त लाइक आजवर त्याच फोटोचे.

एकदा नांदूर मधमेश्वरला गेला. 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेली ही पाणथळ जागा निफाड तालुक्यातच, तेव्हा ती आपल्या घरचीच असा त्याचा समज. पक्षिनिरीक्षक पहाटेपासून श्वास रोखून बसलेले; त्यांच्या लेन्सा हाताएवढ्या लांब. मॉडेल मनोऱ्यावर, हा खाली. मग त्याला ओरडणं भाग होतं. शेवटचं 'खाली' येण्याआधीच आख्खा थवा पाण्यावरून उठला. त्या पक्षिनिरीक्षकांनी त्याला जे ऐकवलं, त्यात हनुवटीचा उल्लेख होता, पण ती खाली घेण्याबद्दल नव्हता.

फक्त एका माणसापुढे हे वाक्य घशात अडकतं. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आलेला पुढारी. पुढाऱ्याची हनुवटी उपजतच वर असते, हात जोडलेले असले तरी. शेजारी शुभेच्छुकांच्या पासपोर्ट आकाराच्या मुंडक्यांची रांग लागायची असते; त्यांच्या हनुवट्या आपोआप खाली. हनुवटीशेठ अशा वेळी मुकाट्यानं बटण दाबतो आणि दुप्पट पैसे लावतो. ती त्याची राजकीय भूमिका.

इथवर मी त्याला निव्वळ उपद्रव समजत होतो. मग थंडी आली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरला अशा बातम्या सुरू झाल्या की आमच्याकडे द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या करतात. मणी तडकू नयेत म्हणून धूर धरतात. त्या धुरात पहाटे मॉडेल उभी करायची, असा याचा बेत. मॉडेल अर्थातच आली नाही. इतक्या थंडीत तिची आईसुद्धा आली नाही. शेकोटीशी होत्या त्या सुरगाण्या-पेठेकडून कामाला आलेल्या बाया. त्यांचा मुक्काम बागेच्या कडेलाच असतो. मॉडेल येईपर्यंत लाइट बघावा म्हणून यानं त्यातल्या एका मावशीला उभं केलं आणि सवयीनं म्हणाला, "हनुवटी जरा खाली."

"नाही व्हायची भाऊ," ती म्हणाली. "दिवसभर मांडवाखाली वर बघून घड विरळायचे. मान अशीच राहते आता."

त्यावर हा काय बोलला, ते तो सांगत नाही. फोटो मात्र त्यानं काढला, होती तशी मान ठेवून. मी तो पाहिला आहे. धूर, अर्धा उजेड, डोक्यावरून घेतलेला टॉवेल, आणि कुणाच्या बापाला भीक न घालणारा तो चेहरा. निळ्या पोरापासून सोनेरी लाइटातल्या त्या मावशीपर्यंत यानं काढलेल्या सगळ्या फोटोंची रास एका बाजूला ठेवा आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला; मला शंका नाही. त्याच्या मोबाइलमध्ये तो 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. त्याच फोल्डरमध्ये क्रेट उचलणारे हमाल आहेत, चहाची किटली घेतलेला पोरगा आहे, आणि ते गालावर लाइट पडलेले काकाही आहेत. लाइट बघायला म्हणून उभी केलेली माणसं. मॉडेल येईपर्यंत.

त्यानं मोठी प्रिंट काढून मावशीला नेऊन दिली. तिनं उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"पाय कुठंयत?"

त्यानं लेन्सबद्दल सांगून पाहिलं. पोर्ट्रेट म्हणजे चेहरा असतो, हेही सांगितलं. ती ऐकेना. बाकीच्या बायाही प्रिंटभोवती गोळा झाल्या आणि सगळ्यांचं एकमत झालं, की पाय नसलेला फोटो घरी न्यायचा नसतो. शेवटी रविवारचं एक ठरलेलं शूट रद्द करून, लेन्स बदलून तो परत गेला. सगळी टोळी मांडवापुढे ओळीनं उभी राहिली; हात सरळ, पाय जमिनीवर, मागे बाग, बागेमागे रस्ता, सगळं जिथल्या तिथे स्पष्ट. कुणाच्याही हनुवटीला तो काही बोलला नाही. प्रत्येकीला एकेक प्रिंट, वर प्लास्टिकचं आवरण, आणि पैसे घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट लॅमिनेशनवाल्याशी त्यानं एका रुपयावरून घातलेला वाद चौकात सगळ्यांनी ऐकला.

"हा का नाही टाकलास इन्स्टाग्रामवर?" मी विचारलं.

"छे!" तो म्हणाला. "त्यात क्रिएटिव्ह काय आहे? सगळ्यांचे पाय दिसतायत."