सहव्याधी होती, लस नव्हती

पावसाळ्यात स्वाइन फ्लूने कुणीतरी दगावल्याची बातमी येते. तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: मृत व्यक्तीस मधुमेह व उच्च रक्तदाब होता. म्हणजे चूक कुणाची? मृताची. फाइल बंद.

याला धोका जास्त आहे, हे मेल्यावर सगळ्यांना कळतं. दर महिन्याला तोच माणूस दवाखान्यात जाऊन बसायचा, तेव्हा कुणाला सुचलं नाही?

त्याची फाइल उघडून बघा. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, क्रिएटिनिन, ईसीजीची पट्टी, शिवाय ‘भात कमी करा’. लसीबद्दल एक ओळ शोधून दाखवा.

नातवाचं लसीकरण कार्ड मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात जपलेलं. तारीख चुकली की आशाताई दारात हजर. आजोबांच्या दारात कोण येतं?

विमा एजंट.

त्याला विचारा, लसीचे पैसे मिळतील का? बहुतेक पॉलिसींत नाहीत. आधी आयसीयूत दाखल व्हा, मग बोलू.

खासगीत फ्लूची लस दीड-दोन हजारांच्या घरात, तीही दरवर्षी. नागिणीच्या नव्या लसीचे दोन डोस म्हणजे वीस हजारांच्या आसपास. पेन्शनीत आधी काय बसवायचं, लस की गोळ्या?

सरकार काहीच करत नाही, असं म्हणायचीही सोय नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये फ्लूची लस गरोदर महिला, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मोफत केली. मोफत आणि ऐच्छिक. तुम्हाला ठाऊक होतं?

बघा. इतकी गुप्तता निविदांनाही मिळत नाही.

लोक घाबरतात, असं सांगितलं जातं. घाबरतातही. लस घेतली आणि शेजारच्या काकांना फ्लूच झाला म्हणे! इंजेक्शनातल्या लसीत जिवंत विषाणूच नसतो, फ्लू होणार कसा? पण काकांचा शब्द प्रमाण. हेच काका व्हॉट्सअॅपवर आलेला काढा डोळे मिटून पितात.

आणि भीती एवढी मोठी वाटत असेल, तर मार्च २०२१ आठवा. पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाच्यांना कोविडची लस हवी, तर वीस आजारांच्या यादीतला एक आजार आणि डॉक्टरांचा दाखला लागायचा. एरवी शुगर लपवणारी मंडळी दाखल्यासाठी रांगेत उभी होती! तेव्हा टीव्ही, सरकार, डॉक्टर, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे एकच सांगत होते: घ्या.

आता कुणीच सांगत नाही. फिजिशियनला वाटतं, लस हे बालरोगतज्ज्ञांचं काम. बालरोगतज्ज्ञांकडे आजोबा जातात ते फक्त नातवाला धरायला.

डोसांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस कंपनी पुण्यात, हडपसरला. तिथून लस आफ्रिकेत पोचते. हडपसरच्याच आजोबांच्या दंडापर्यंत पोचत नाही. वाहतूक कोंडी असावी.

फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नवी. अंगी लागायला तिला साधारण दोन आठवडे लागतात. बातमी वाचून धावलात तर उशीर झालेला असतो. तेव्हा साठी उलटली असेल किंवा साखर, दमा, हृदय, मूत्रपिंड यांतलं काही जडलं असेल, तर पावसाच्या आधीच डॉक्टरांना विचारा, मला कुठल्या लसी हव्यात? ‘गरज नाही’ म्हणाले, तर का ते विचारा.

डॉक्टरांना राग येईल. येऊ द्या.