कुंडी अजून ओली आहे

निवृत्त माणसाने प्राणायाम करावा, नातवंडांना बसस्टॉपवर सोडावं, फार तर वर्तमानपत्रांना पत्रं लिहावीत. आमचे वरच्या मजल्यावरचे काका सिमेंटकडे वळले. निमित्त झालं एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाचं. तिथे त्यांनी एक बोन्साय पाहिलं, झाडाखालच्या कुंडीची किंमत विचारली आणि घरी येताना 50 किलोचं पोतं रिक्षात घालून आणलं. "अहो, एवढ्या पैशात गच्चीभर कुंड्या पाडीन!" पाडीन हा शब्द त्यांचाच. जिलब्या पाडतात तशा.

एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली वाळू. मोठ्या टबाला आतून तेल, धाकट्याला बाहेरून, मधल्या फटीत कोंबडीजाळी. धाकटा टब म्हणजे नातवाचा अंघोळीचा. काकूंचं ढोकळ्याचं ताटही याच कामी गेलं. पहिल्या कुंडीला पाणी निथळायची भोकं ठेवायला ते विसरले. मग ड्रिल लावलं, तळाचे तीन तुकडे झाले. तेव्हापासून ते साच्यात पाइपाचे तुकडे उभे करतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो आपला शोध म्हणून सांगतात.

खरा सोहळा पुढचा. कुंडीवर ओलं बारदान, दिवसातून तीनदा पाणी. सोसायटीत टँकर मागवायची वेळ आली तरी यात खंड नाही. भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले नाहीत. "कुंडीला आज नववा दिवस. 28 दिवस झाल्याशिवाय सिमेंट पुरतं मुरत नाही. टाकून कसा येऊ?" बाळंतिणीला कुणी इतकं जपलं नसेल, काकूंना तर नाहीच, असं काकूच म्हणतात. त्यानंतर कुंडी पिंपात बुडवायची आणि रोज पाणी बदलायचं. नव्या सिमेंटचा चुना सुटतो, तो मुळांना बाधतो. हे सगळं खरं आहे. माणूस चुकीचं काही करतच नाही, हीच तर अडचण.

"झाड कधी लावणार?" मी विचारलं.

"कुंडी अजून ओली आहे."

वाळलेली होती तिच्याकडे मी बोट दाखवलं. काका गप्प. मग आतल्या बाजूवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "नीरू बघा कसा घोटलाय. मातीखाली जाणार हो सगळा!"

बोन्सायसाठी नर्सरीतून आणलेला वड तीन वर्षं काळ्या पिशवीत ताटकळतोय. आणला तेव्हा वीतभर होता, आता काकांच्या खांद्याला लागतो. पिशवी फोडून त्याची मुळं गच्चीच्या भेगेत शिरली आहेत.

सध्या 31 कुंड्या तयार आहेत, प्रत्येकी साधारण 14 किलोच्या. कुणाला हवी असल्यास फुकट मिळेल. फक्त येताना सोबत एक धडधाकट माणूस आणा. कुंडी लिफ्टमधून नेऊ नये, अशी पाटी सेक्रेटरींनी लावली आहे.