आनंददायी रविवार

महाराष्ट्रातल्या मतदारसंघांची यादी आमच्या जिल्ह्यापासून सुरू होते. विधानसभेला अक्कलकुवा क्रमांक 1, लोकसभेला नंदुरबार क्रमांक 1. शिक्षक भरतीतल्या पोरांच्या पसंतीक्रमाची यादी मात्र आमच्यापाशी येऊन संपते. नंदुरबारवर टिचकी मारताना कोल्हापूरच्या पोराच्या मनात असते, एवढ्या खाली कशाला येतंय! आणि भरतीचे पवित्र पोर्टल नेमके तेवढ्या खाली येते.

असे खाली आलेले पुष्कळ तरुण मी पाहिले आहेत, कारण शहाद्यात माझ्या माडीवरची खोली मी त्यांनाच भाड्याने देतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मानधन कधी जमा होणार याचा मला अंदाज असतो, त्यामुळे भाडे कधी मिळणार हेही मला भाडेकरूच्या आधी कळते. माणसे बदलतात, एखादा बीडचा येतो, एखादा नांदेडचा. पण नमुना तोच. म्हणून नावाच्या भानगडीत न पडता मी त्याला नुसते ‘वरचे सर’ म्हणतो. सध्याचे वरचे सर कोल्हापूरकडचे आहेत. डी. एड., बी. ए., बी. एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी एवढे सगळे पाठीशी बांधून आलेले. आणि हुद्दा शिक्षणसेवक.

ही शिक्षणसेवकी तीन वर्षांची असते. 2000 साली योजना निघाली तेव्हा प्राथमिकला महिना 3,000 रुपये होते, मग 6,000 झाले आणि 1 जानेवारी 2023 पासून 16,000. तीन वर्षे नीट काढली की माणूस कायम होतो. तोवर तो वर्गात सर, कागदावर सेवक आणि लग्नाच्या बाजारात ‘बघू, कळवतो’.

वरचे सर सोमवार ते शनिवार धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर असतात. दोन शिक्षकांची शाळा, शेजारी राहायला एक खोली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाड्यावरून जीप, धडगावहून एसटी, असे करत दिवे लागायच्या आत शहाद्याला येतात. पायरीवर बूट झाडत मला ठणकावून सांगतात, ‘‘ओ गुरुजी, ह्या रविवारी नुसती विश्रांती. कुणाचं काय ऐकायचं न्हाई बघा.’’ आणि खिशातून घडी घातलेला फुलस्केप काढतात. त्यावर विश्रांतीचे नियोजन असते.

पाठटाचण काढायची सवय एकदा हाताला लागली की ती मास्तरला सरणावर जाईपर्यंत सोडत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. पण वरच्या सरांचा कागद माझ्याही वरताण. उद्दिष्ट : मनावरील ताण कमी करणे. साधने : चटई, मोबाइल, अर्धा किलो मटण. सकाळी सहाला योगासने, सातला धावणे, आठला कपडे, नऊला आईला फोन, दहा ते बारा एमपीएससी, मग भोजन, मग वामकुक्षी, चार ते पाच ‘छंद’, संध्याकाळी नदीकडे किंवा एसटी स्टँडकडे फेरफटका. शेवटी मूल्यमापन : बरे वाटले का? आणि शेऱ्याचा रकाना. एकदा त्यात त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेले मी पाहिले, ‘घटक अपूर्ण. पुढील रविवारी पुन्हा घ्यावा.’

आमच्या वेळी ताण फक्त तंबूच्या दोरीला असायचा, असे मी एकदा बोलून गेलो. सर दुखावले. मग मी त्यांना खरे ते सांगितले. मी नोकरीला लागलो तेव्हा नंदुरबार हा जिल्हाच नव्हता. तो झाला 1 जुलै 1998 ला, त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यात. कुणी साहेबाला उलट बोलला की त्याची बदली अक्राणीला, म्हणजे धडगावला. शिक्षा म्हणूनच माणूस डोंगरात जायचा, त्यामुळे तिथे गेल्यावर त्याला कुणी काही विचारत नसे. वरच्या सरांना शिक्षाही नाही आणि ती मोकळीकही नाही.

कागदातल्या ‘छंद’ या चौकटीने सरांना फार छळले. कित्येक आठवडे ती रिकामीच होती. अखेर त्यांनी बासरी मागवली. पाड्यावर कुरिअर जात नाही, म्हणून ती माझ्या पत्त्यावर आली. सर रविवारी चार वाजता गच्चीवर बसून फुंकर मारायचे. कष्टाने एक धून बसली, तीही राष्ट्रगीताची. त्यामुळे आम्हा नवरा-बायकोला चहाचा कप ठेवून उभे राहावे लागे. तरी मी समाधानी होतो, पोराला काहीतरी स्वतःचे सापडले म्हणून. पुढच्या आठवड्यात सरांनी ती बासरी शाळेत नेली आणि परिपाठाला वाजवली. सोबतच्या शिक्षकाने फोटो काढला. तो केंद्राच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्याच्या. खाली अंगठ्यांची रांग लागली. वरून निरोप आला, उपक्रम स्तुत्य आहे, पुढील शिक्षण परिषदेत सादरीकरण करावे. उद्दिष्टे, कार्यवाही आणि फलनिष्पत्ती यांसह अहवाल तीन प्रतींत आणावा. सरांनी रविवारभर बसून अहवाल लिहिला. त्या दिवसापासून बासरीला त्यांनी हात लावलेला नाही. ती शाळेच्या कपाटात आहे आणि साहित्य नोंदवहीत तिची नोंद आहे.

या माणसाचा हाच स्वभाव. हौसेने केलेली कुठलीही गोष्ट त्याच्या हातात आठवडाभरसुद्धा खाजगी राहत नाही. धावायला लागला की मुलांना धावायला लावतो, रोप लावले की त्याचा फोटो चढवतो, आणि तोरणमाळला सहलीला गेला की यशवंत तलावाकडे पाठ करून ‘परिसर अभ्यास’ नावाची चित्रफीत बोलायला लागतो. अशाच एका सहलीत सीताखाईच्या कठड्याशी सरांच्या घोळक्याला दुसऱ्या तालुक्यातले शिक्षणसेवक भेटले. तेही आराम करायलाच आलेले. दोन्ही घोळक्यांनी तिथे उभे राहून तासभर बदलीच्या धोरणावर चर्चा केली. दरी तिथेच होती. कुणी पाहिली नाही.

सरकारलाही आरामाची काळजी नाही असे नव्हे. 2024 मध्ये शाळांसाठी ‘आनंददायी शनिवार’ निघाला. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून योग, श्वसनाचे व्यायाम, खेळ, गप्पागोष्टी. पाड्यावरची पोरे शेळ्या सोडून, ओढा ओलांडून, दोन टेकड्या चढून शाळेत येतात. त्यांचा श्वास मुळातच व्यवस्थित चालतो. धाप लागते ती सरांना. मुले डोळे मिटून बसतात आणि सर उघड्या डोळ्यांनी त्यांचा फोटो काढतात, कारण तो संध्याकाळपर्यंत पाठवायचा असतो.

पाठवायचा म्हणजे टेकडीवर जायचे. पाड्यावर रेंज नाही. शाळेमागच्या टेकडीवर एक मोहाचे झाड आहे, त्याच्या बुंध्याशी उभे राहिले की दोन काड्या मिळतात. मोबाइल कधी गुजरातेत आपले स्वागत करतो, कधी मध्य प्रदेशात. सर रोज संध्याकाळी तिथे चढतात. आधी आई, मग ग्रुप. ग्रुप किती? केंद्राचा, बीटाचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, निपुणचा, आणि एक ‘फक्त सूचना’, ज्यात सूचना एक असते आणि ‘ओके सर’ चाळीस. ‘आज पाच वाजेपर्यंत’ असा निरोप सरांना सातला मिळतो. ते घाबरेघुबरे होऊन माहिती भरू लागतात, तोवर रेंज जाते. दुसऱ्या दिवशी नवा निरोप येतो, ‘कालचा तक्ता रद्द, सुधारित तक्ता भरावा’. म्हणजे न भरणारा शहाणा ठरतो. हे त्यांच्या अजून लक्षात आलेले नाही. कायम झाल्यावर येईल.

शहाद्यात मात्र रेंज भरपूर. त्यामुळे आठवड्याचे सगळे तुंबलेले निरोप रविवारी सकाळी योगासनांच्या वेळेला एकदम उतरतात. सर शवासनात पडलेले असतात आणि छातीवरचा फोन थरथरत असतो. दहा ते बारा या एमपीएससीच्या वेळेत यू-डायस, वामकुक्षीच्या वेळेत आधार जुळणी. दुपारी आमच्या घरातून हाक जाते, ‘‘सर, जेवाले या, भरीत करेल शे.’’ सर लॅपटॉप घेऊनच खाली येतात. सुरुवातीला तांबड्या रश्श्यासाठी जीव टाकायचे. आता शेवभाजीचा रस्सा मुकाट्याने ओरपतात आणि कळण्याची भाकरी मोडता मोडता विचारतात, ‘‘गुरुजी, वडिलांचं नाव आधारावर एक, दाखल्यावर दुसरं; आता खरं कुठलं धरायचं?’’

चार वाजता, म्हणजे बासरीच्या जुन्या वेळेला, मुलीकडच्यांचे फोन येतात. गच्चीवरचे बोलणे खाली ऐकू येते, त्याला माझा इलाज नाही.

‘‘नंदुरबार म्हणजे नेमकं कुठं?’’

‘‘गुजरातला लागून.’’

‘‘मग गुजरातच म्हणा की. पगार किती?’’

‘‘मानधन. 16 हजार.’’

‘‘आणि वर?’’

‘‘वर धडगाव.’’

संभाषण सहसा इथे संपते.

यावर सरांनी स्वतःच तोड काढली आहे असा मला संशय आहे. अक्कलकुवा तालुक्यात नांदेडच्या एक मॅडम आहेत, त्याही शिक्षणसेविका, त्याही शनिवारी शहाद्याला मैत्रिणीकडे येतात. दोघे एसटी स्टँडसमोर चहा पितात. एकदा मी शेजारच्या बाकावर पेपर वाचत होतो. काही गोड कानावर पडेल म्हणून पान उलटले नाही. सर म्हणत होते, ‘‘बदलीसाठी पती-पत्नी एकत्रीकरणात आपण विशेष संवर्ग भाग 2 मध्ये बसतो.’’ मॅडम लाजून म्हणाल्या, ‘‘पण दोघंही अवघड क्षेत्रातच आहोत ना.’’ पूर्वी गुण जुळतात का ते पाहत, आता तालुके जुळतात का ते पाहतात. मला हे काही वाईट वाटत नाही. इतक्या बारकाईने एकमेकांचे कागद वाचणारी माणसे पुढे निदान संसाराचा हिशेब तरी चुकवणार नाहीत.

हिशेब सरांना सुटतच नाही. दत्तजयंतीला मी त्यांना सारंगखेड्याच्या यात्रेला नेले. घोड्यांचा बाजार, तापीचा काठ, थंडी, गरम जिलेबी. एका मालकाने पांढऱ्या घोड्याची किंमत पाच लाख सांगितली. सर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘म्हंजे 31 महिन्यांचं मानधन. आणि पोटाला काय न्हाई.’’ घोड्याला मालिश चालली होती, समोर हरभरे होते. सरांनी त्याच्याकडे आदराने पाहिले.

आता माझे मत सांगतो, जे सरांना अजिबात पटत नाही. हा माणूस विश्रांती घ्यायला डोंगर उतरून खाली येतो आणि खाली येऊन आठवड्याचे काम करतो. त्याची खरी सुटी वर आहे. आले तेव्हा सर काडीसारखे होते, आता शर्टाची बटणे ताणतात. वर साडेआठला जेवण, नऊला झोप. पहिलीतली पोरे घरून पावरी बोलत येतात, सरांचे मराठी ऐकून हसतात आणि मग एकेक शब्द सरांनाच शिकवतात. संध्याकाळी ओढ्यावर खेकडे कसे धरायचे तेही. पाड्याच्या कारभाऱ्याच्या अंगणात खाट टाकलेली असते, तिथे कुणी अहवाल मागत नाही. पण यातले काहीच फुलस्केपवर नसल्यामुळे सर त्याला आराम धरत नाहीत.

होळीच्या आदल्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार सुरू झाले आणि वर्ग रिकामा पडला. सर हवालदिल. मार्चमध्ये मुलांची चाचणी, आणि पटावरची अर्धी मुले बाजारात. ते कारभाऱ्याकडे तक्रार घेऊन गेले. तो म्हणाला, सर, पोरं आता होळी झाल्यावरच येतील, तुम्हीच आमच्यासोबत काठीला चला. काठीची राजवाडी होळी अक्कलकुवा तालुक्यात. रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेली, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेली माणसे नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. सर गेले. फोटो काढून ‘लोकसंस्कृतीतून शिक्षण’ असा उपक्रम करायचे त्यांनी जाताना ठरवले होते. अकरा वाजता मोबाइलची बॅटरी संपली. मग करण्यासारखे काही उरले नाही म्हणून ते नाचले. उजाडेपर्यंत नाचले. धुळवडीच्या दिवशी कुणाच्या तरी ओट्यावर उन्हे तोंडावर येईपर्यंत झोपले, उठून भाकरी खाल्ली आणि पुन्हा झोपले.

पुढच्या शनिवारी खाली आले तेव्हा चेहरा असा टवटवीत की आमच्या घरात विचारणा झाली, सोयरीक जमली का. सर मात्र खजील होते. ‘‘गुरुजी, होळीचे दोन दिवस वाया गेले बघा. काहीसुदिक केलं न्हाई.’’ मी कागद मागितला. त्यांनी प्रामाणिकपणे नोंद केली होती. ताण : आढळला नाही. शेरा : नियोजनाबाहेरील बाब, ग्राह्य धरू नये.

तेव्हा ज्यांच्या हातात ते ग्रुप आहेत त्या सर्व साहेबांना एका निवृत्त मास्तराची हात जोडून विनंती आहे. रविवारी ‘अतितातडीचे’ टाकू नये. टाकायचेच असेल तर सोमवारी दुपारी टाकावे. तोवर सर पाड्यावर पोचलेले असतात.